कंटेनर-संयोजन : आज्ञेकडून अभिलेखाकडे

परीक्षेच्या निकालाचा दिवस किंवा अर्ज स्वीकारण्याची अखेरची तारीख आली, की पूर्वी कचेरीच्या खिडकीसमोर रांग लागत असे. आज ती रांग संकेतस्थळावर लागते. ती डोळ्यांना दिसत नाही. परंतु सर्व्हर बंद पडला, तर दूरच्या गावातील उमेदवाराचा अर्ज पूर्वीइतकाच अडतो. अशा सेवा अखंड चालू ठेवण्याची जबाबदारी ज्या सॉफ्टवेअर-विकासकांवर असते, त्यांना कंटेनर-संयोजनाचे, म्हणजेच 'कंटेनर ऑर्केस्ट्रेशन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्राचे ज्ञान आवश्यक होत चालले आहे. ज्यांना कंटेनर तयार करता व चालविता येतात, परंतु अनेक यंत्रांवर विखुरलेल्या कंटेनरांचा कारभार कसा चालतो याचा परिचय नाही, अशा विकासकांसाठी या विषयाच्या अभ्यासाची दिशा प्रस्तुत लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

कंटेनर म्हणजे स्वतंत्र यंत्र नव्हे. लिनक्सच्या कर्नलने इतरांपासून अलग ठेवलेली ती एक प्रक्रिया होय. या अलगीकरणाची साधने पुष्कळ आधीची आहेत. प्रक्रियेला फाइलव्यवस्थेचा मर्यादित भागच दिसावा, ही सोय युनिक्समध्ये १९७९ साली झाली होती. प्रक्रियांच्या समूहाला स्मृती व प्रोसेसर यांचा मोजका वाटा देणारी 'सीग्रुप्स' ही व्यवस्था गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये हाती घेतली व २००८ मध्ये ती लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाली. मार्च २०१३ मध्ये डॉकर प्रसिद्धीस आले, तेव्हा नवी होती ती इमेज बांधण्याची आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची सुलभ रीत.

तथापि एका यंत्रावर एक कंटेनर चालविता येणे म्हणजे निम्मीच वाट चालून होणे होय. सेवा वाढू लागली, की पुढील प्रश्न उभे राहतात. शंभर कंटेनर दहा यंत्रांवर कसे वाटावेत? रात्री एक यंत्र बंद पडले, तर त्यावरील कंटेनर दुसरीकडे कोणी सुरू करावेत? एका कंटेनरने दुसऱ्याचा पत्ता कसा शोधावा? सेवा न थांबविता नवी आवृत्ती कशी आणावी? या सर्व प्रश्नांची व्यवस्था लावणे यालाच संयोजन म्हणतात.

गूगलमध्ये हे काम अनेक वर्षे 'बोर्ग' नावाची अंतर्गत प्रणाली करीत असे. त्या अनुभवाच्या आधारे तयार केलेली 'कुबरनेटीस' ही मुक्त प्रणाली जून २०१४ मध्ये जाहीर करण्यात आली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २१ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली आणि पुढे तिचा सांभाळ लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालील क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेकडे सोपविण्यात आला. कुबरनेटीस हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ कर्णधार, सुकाणू धरणारा असा आहे. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर ज्याला तांडेल म्हणतात, तोच हा. इंग्रजीतील 'गव्हर्नर' हा शब्दही याच मुळापासून आलेला आहे. डॉकर स्वॉर्म, नोमॅड अशी अन्य साधनेही उपलब्ध आहेत. परंतु आज सर्वाधिक प्रचार कुबरनेटीसचा असल्याने पुढील विवेचन तिच्याच आधारे केले आहे.

मंजूर पदे व भरलेली पदे

डॉकर वापरणाऱ्यास आज्ञा देण्याची सवय असते. 'हा कंटेनर सुरू कर', 'तो थांबव' अशा आज्ञा तो एकामागून एक देतो. आज्ञा पार पडली, की तिचे काम संपते. पुढे ते यंत्रच बंद पडले, तर तीच आज्ञा दुसऱ्या यंत्रावर कोणीतरी पुन्हा द्यावी लागते.

कुबरनेटीसमध्ये अपेक्षित स्थिती लिहून ठेवली जाते. 'या सेवेच्या चार प्रती सदैव चालू असाव्यात' असा लेखी निर्देश तिच्याकडे नोंदविला जातो. सरकारी कचेरीच्या परिभाषेत सांगावयाचे, तर हा निर्देश म्हणजे आकृतिबंध होय. आकृतिबंधात चार पदे मंजूर आहेत आणि प्रत्यक्षात तीनच भरलेली आहेत, असे दिसताच चौथे पद भरण्याची कार्यवाही सुरू होते. त्यासाठी नवा आदेश लागत नाही. कचेरीतील रिक्त पद भरण्यास किती काळ लागतो, हा निराळा विषय. येथे ते बहुधा काही सेकंदांत भरले जाते.

अपेक्षित व प्रत्यक्ष स्थितीची तुलना करणे आणि अंतर आढळल्यास ते दूर करणे, हे काम 'कंट्रोलर' नावाचे घटक अखंडपणे करीत असतात. हे एक तत्त्व मनात पक्के बसले, की बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. नवशिका विकासक एखादी प्रत हाताने काढून टाकतो आणि क्षणात दुसरी प्रत उभी राहिलेली पाहून गोंधळतो. प्रणालीत बिघाड झालेला नसतो; तिने आकृतिबंधाचे पालन केलेले असते. प्रत खरोखर कमी करावयाची असेल, तर मंजूर संख्या बदलली पाहिजे. त्याचप्रमाणे चालू कंटेनरमध्ये शिरून एखादी फाइल दुरुस्त करण्याची सवयही येथे सोडावी लागते. ती प्रत बदलली गेली, की दुरुस्तीही तिच्याबरोबर जाते. जे लेखी निर्देशात किंवा इमेजमध्ये नाही, ते टिकत नाही.

कारभाराची अंगे

यंत्रांच्या संपूर्ण समूहास 'क्लस्टर' व त्यातील प्रत्येक यंत्रास 'नोड' म्हणतात. काही यंत्रांवर कारभाराचे घटक असतात. त्यांस 'कंट्रोल प्लेन' अशी संज्ञा आहे. उरलेली यंत्रे प्रत्यक्ष काम करतात.

कंट्रोल प्लेनमध्ये चार घटक प्रमुख आहेत. 'एपीआय सर्व्हर' हा आवक-जावक विभाग होय. प्रत्येक विनंती त्याच्याकडूनच जाते व तेथेच अर्जदाराचे अधिकार तपासले जातात. 'एटसीडी' हे अभिलेख-कक्ष असून क्लस्टरची सर्व नोंद तेथे राहते. 'शेड्यूलर' कोणते काम कोणत्या नोडवर जावे हे ठरवितो. 'कंट्रोलर मॅनेजर'मध्ये वर सांगितलेले कंट्रोलर असतात. प्रत्येक नोडवर 'कुबलेट' नावाचा घटक असतो. आपल्या नोडला नेमून दिलेले कंटेनर चालू आहेत की नाहीत हे तो पाहतो.

एटसीडीचे निर्णय बहुमताने होतात. म्हणून त्याचे सदस्य विषम संख्येत ठेवतात. तीन सदस्य असतील, तर एक बंद पडला तरी चालतो. पाच असतील, तर दोन. या अभिलेख-कक्षाची नियमित प्रत काढून ठेवणे व ती परत भरून पाहणे, हे संचालकांचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे.

डॉकर शिकलेल्यांना एक शंका नेहमी येते. कुबरनेटीसच्या मे २०२२ मधील १.२४ या आवृत्तीतून डॉकर-इंजिनाशी थेट जोडणारा दुवा काढून टाकण्यात आला. मग डॉकरचे शिक्षण वाया गेले काय? तसे मुळीच नाही. इमेजचा नमुना ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह या २०१५ साली स्थापन झालेल्या उपक्रमाने प्रमाणित केलेला आहे. डॉकरने बांधलेली इमेज 'कंटेनरडी' किंवा 'क्राय-ओ' यांवर बिनदिक्कत चालते.

पॉड, डिप्लॉयमेंट व सर्व्हिस

कुबरनेटीसमधील सर्वांत लहान एकक कंटेनर नसून 'पॉड' आहे. पॉडमध्ये एक किंवा अधिक कंटेनर असतात. ते नेहमी एकाच नोडवर राहतात आणि त्यांचा नेटवर्क-पत्ता एकच असतो. सामान्यतः एका पॉडमध्ये एकच मुख्य कंटेनर ठेवावा. वेब-सेवा व डेटाबेस यांना एकाच पॉडमध्ये कोंबणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय; तसे केल्यास एकाची प्रत वाढविताना दुसऱ्याचीही वाढते.

पॉड सहसा थेट तयार करीत नाहीत. 'डिप्लॉयमेंट' नावाचा निर्देश लिहिला जातो. त्यातून 'रेप्लिकासेट' व त्यातून पॉड निर्माण होतात. इमेजची आवृत्ती बदलली, की डिप्लॉयमेंट नवा रेप्लिकासेट तयार करून जुने पॉड क्रमाक्रमाने बदलते. वेगळी सूचना नसेल, तर या काळात मंजूर संख्येच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक पॉड एकाच वेळी अनुपलब्ध राहू दिले जात नाहीत. चार पॉडच्या सेवेत किमान तीन पॉड कामावर राहतात, असा याचा अर्थ.

पॉड बदलले, की त्यांचे नेटवर्क-पत्तेही बदलतात. मग एका सेवेने दुसरीला हाक मारावी कशी? येथे 'सर्व्हिस' ही योजना उपयोगी पडते. सरकारी पत्र व्यक्तीच्या नावे न जाता पदनामाने जाते. अधिकाऱ्याची बदली झाली, तरी पत्र योग्य टेबलावर पोहोचते. सर्व्हिस हे असेच पदनाम आहे. तिचे नाव व पत्ता स्थिर राहतो आणि त्या क्षणी कामावर असलेल्या पॉडकडे ती विनंती पोहोचविते.

एका शब्दाचे मोल

कोणते पॉड कोणत्या सर्व्हिसचे, हे प्रणालीस 'लेबल'वरून कळते. लेबल म्हणजे वस्तूला लावलेली खूणपट्टी आणि 'सिलेक्टर' म्हणजे त्या खुणेवरून केलेली निवड. या दोहोंतील एक अक्षर चुकले, तरी सर्व्हिसला एकही पॉड सापडत नाही. अशा वेळी प्रणाली बहुधा चूक दाखवीत नाही, कारण तिच्या दृष्टीने निर्देश शुद्धच असतो.

ही बाब किती गंभीर ठरू शकते, याचे बोलके उदाहरण १४ मार्च २०२३ रोजी घडले. रेडिट या जगप्रसिद्ध संकेतस्थळाच्या अभियंत्यांनी आपला एक महत्त्वाचा क्लस्टर १.२३ वरून १.२४ या आवृत्तीवर नेला. कारभार चालविणाऱ्या नोडना पूर्वी 'मास्टर' या शब्दाचे लेबल असे. नव्या आवृत्तीत ते निघाले व 'कंट्रोल प्लेन' हाच शब्द राहिला. क्लस्टरच्या नेटवर्कची एक जुनी मांडणी मात्र 'मास्टर' हे लेबल असलेलेच नोड शोधत होती. तिला एकही नोड सापडला नाही आणि नेटवर्क कोसळले. अखेर साठवून ठेवलेल्या प्रतीवरून क्लस्टर पूर्वस्थितीस आणावा लागला. संकेतस्थळ ३१४ मिनिटे, म्हणजे पाच तासांहून अधिक काळ बंद राहिले. या घटनेचा सविस्तर वृत्तांत त्या अभियंत्यांनीच पुढे मोकळेपणाने प्रसिद्ध केला.

या घटनेत कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. प्रणालीने लेखी निर्देशाचे तंतोतंत पालन केले. परंतु तो निर्देश कालबाह्य झाला होता. आज्ञेऐवजी अभिलेखावर कारभार सोपविला, की अभिलेख अचूक व अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी माणसावर येते. कंटेनर-संयोजनाच्या शिक्षणातील ही सर्वांत मोलाची शिकवण होय.

प्रकृती-तपासणी व शिधा

प्रक्रिया चालू आहे म्हणजे ती काम करीत आहेच, असे नव्हे. म्हणून कुबरनेटीसला तपासणीचे मार्ग सांगून ठेवावे लागतात. 'रेडिनेस' तपासणीत पॉड अनुत्तीर्ण झाला, तर त्याच्याकडे विनंत्या पाठविणे थांबते. 'लाइव्हनेस' तपासणीत अनुत्तीर्ण झाला, तर कंटेनर नव्याने सुरू केला जातो. वेगळी सूचना नसल्यास दर दहा सेकंदांनी तपासणी होते, उत्तरासाठी एक सेकंद दिला जातो आणि लागोपाठ तीन वेळा अपयश आल्यास कारवाई होते.

या दोन तपासण्यांची गल्लत घातक ठरते. लाइव्हनेस तपासणीत डेटाबेसची जोडणी तपासली आणि गर्दीच्या वेळी डेटाबेस मंदावला, तर निरोगी पॉडदेखील एकाच वेळी पुन्हा सुरू होऊ लागतात व मंदगती सेवा पूर्ण बंद पडते. बाहेरच्या अवलंबित्वाचा विचार लाइव्हनेसमध्ये आणू नये, हा नियम विकासकाने कटाक्षाने पाळावा.

स्मृती व प्रोसेसर यांचा हिशेबही लेखी द्यावा लागतो. 'रिक्वेस्ट' म्हणजे राखून ठेवलेला शिधा. शेड्यूलर त्यावरूनच नोडची निवड करतो. 'लिमिट' म्हणजे कमाल मर्यादा. प्रोसेसरची मर्यादा गाठली, तर कंटेनरची गती कमी केली जाते. स्मृतीची मर्यादा ओलांडली, तर प्रक्रिया बंद केली जाते व १३७ हा निर्गम-अंक नोंदला जातो. हे आकडे लिहिलेच नाहीत, तर एका सेवेची वाढलेली भूक त्याच नोडवरील इतर सेवांच्या मुळावर येते.

गर्दीनुसार पॉडची संख्या आपोआप वाढविण्याची सोयही याच आकड्यांवर उभी आहे. चार पॉड आपल्या राखीव प्रोसेसरचा सरासरी ९० टक्के वापर करीत असतील आणि उद्दिष्ट ६० टक्के असेल, तर चार गुणिले नव्वद भागिले साठ, म्हणजे सहा पॉड उभे केले जातात. रिक्वेस्ट लिहिलेली नसेल, तर टक्केवारी काढण्यास आधारच उरत नाही.

पॉड थांबविताना त्यास प्रथम आवराआवरीचा संकेत दिला जातो व साधारणतः तीस सेकंद वाट पाहून मग तो सक्तीने बंद केला जातो. हा संकेत ओळखून हातातील विनंत्या पुऱ्या करणे, हे विकासकाने लिहावयाच्या प्रोग्रामचे काम आहे. ते केले नाही, तर प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी काही नागरिकांचे अर्ज मध्येच तुटतात.

साठवण व गुपिते

कंटेनरच्या आत लिहिलेली माहिती कंटेनरबरोबर नाहीशी होते. टिकाऊ माहितीसाठी 'पर्सिस्टंट व्हॉल्यूम'ची मागणी नोंदवावी लागते. डेटाबेससारख्या सेवांसाठी, जेथे प्रत्येक प्रतीची ओळख व साठवण निश्चित असावी लागते, 'स्टेटफुलसेट' ही योजना आहे. तथापि अभ्यासाच्या प्रारंभी डेटाबेस क्लस्टरबाहेर ठेवून फक्त वेब-सेवा आत आणणे श्रेयस्कर.

संकेतशब्द ठेवण्यासाठी 'सीक्रेट' नावाची वस्तू असते. नावामुळे गैरसमज होऊ नये. त्यातील मजकूर बेस-६४ या लिपीबदलाने लिहिलेला असतो व तो कोणासही उलटविता येतो. एटसीडीमध्ये तो कूटबद्ध व्हावा यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते आणि तो वाचण्याचे अधिकार मोजक्यांनाच द्यावे लागतात.

अभ्यासाचा क्रम

हा विषय पाठांतराने येत नाही. हाताने करून व मुद्दाम मोडून पाहिल्यानेच तो कळतो. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. 'काइंड' या मोफत साधनाने साध्या संगणकावर क्लस्टर उभा करता येतो. त्यातील प्रत्येक नोड हा स्वतःच एक कंटेनर असल्याने डॉकरचे ज्ञान येथे थेट कामी येते. पुढील सहा स्वाध्याय या क्रमाने करावेत.

१. एक कंट्रोल प्लेन व दोन कामकरी नोड यांचा क्लस्टर उभा करावा. स्वतः बांधलेली इमेज वापरून चार पॉडचे डिप्लॉयमेंट व त्यासाठी सर्व्हिस लिहावी. इमेजला 'लेटेस्ट' असे मोघम नाव न देता निश्चित आवृत्ती-क्रमांक द्यावा.

२. एक पॉड काढून टाकून नवा कसा येतो ते पाहावे. त्याचे नाव व पत्ता बदलल्याची नोंद घ्यावी.

३. एक कामकरी नोड डॉकरच्या आज्ञेने थांबवावा व घड्याळ लावून बसावे. त्यावरील पॉड दुसरीकडे उभे राहण्यास, वेगळी सूचना नसल्यास, पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. एवढा विलंब आपल्या सेवेस परवडेल काय, याचा विचार करावा.

४. अस्तित्वात नसलेल्या इमेजचे नाव देऊन नवी आवृत्ती आणण्याचा प्रयत्न करावा. जुने पॉड सेवा देत राहतात, हे पाहून मागील आवृत्तीवर परतावे.

५. सर्व्हिसच्या सिलेक्टरमधील एक अक्षर बदलावे व बिघाडाचे कारण शोधावे. प्रथम वस्तूचे वर्णन, मग घटनांची यादी, मग कंटेनरची नोंदवही, असा तपासाचा क्रम ठेवावा.

६. स्मृतीची मर्यादा गरजेपेक्षा कमी ठेवून कंटेनर बंद पडू द्यावा. पुन्हा सुरू होण्यातील अंतर दहा, वीस, चाळीस सेकंद असे वाढत जाऊन पाच मिनिटांवर स्थिरावते, याची नोंद करावी.

हे सहा स्वाध्याय स्वतःच्या हाताने पूर्ण करणाऱ्यास विषयाचा गाभा कळला, असे मानण्यास हरकत नाही. पुढे ज्यांना प्रमाणपत्राची इच्छा असेल, त्यांच्यासाठी उपरोक्त फाउंडेशनची विकासकांसाठीची दोन तासांची परीक्षा असते. तीत प्रश्नांची उत्तरे लिहावयाची नसून चालू क्लस्टरवर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. कुबरनेटीसची अधिकृत मार्गदर्शिका विनामूल्य उपलब्ध असून तिचा काही भाग हिंदीतही आहे. या फाउंडेशनचे भारतातील संमेलन डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली येथे व ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबाद येथे भरले होते. या क्षेत्राचा देशातील वाढता व्याप त्यावरून ध्यानात येतो.

गरज ओळखूनच अवलंब

अखेरीस एक सूचना आवश्यक आहे. प्रत्येक सेवेस कुबरनेटीस लागतेच असे नाही. दिवसाकाठी थोडक्याच विनंत्या येणारी, एका यंत्रावर सुखाने चालणारी व तासभर बंद राहिली तरी कोणाचे नुकसान न होणारी सेवा डॉकर कंपोझसारख्या साध्या साधनावर ठेवणेच शहाणपणाचे होय. संयोजन-प्रणालीची वर्षातून अनेकदा नवी आवृत्ती येते व जुन्या आवृत्तींचा आधार काढून घेतला जातो. ती सांभाळण्यास माणसे नसतील, तर सोय म्हणून आणलेली वस्तू ओझे होऊन बसते. अनेक यंत्रे, अनेक सेवा, वारंवार बदल आणि खंड न चालणारे काम या चार गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे मात्र तिचा अवलंब योग्य ठरतो.

कंटेनर बांधणे हे एका व्यक्तीचे कौशल्य आहे. कंटेनर-संयोजन ही कारभाराची शिस्त आहे. जे हवे ते स्पष्ट शब्दांत लिहावे, लिहिलेले वेळोवेळी तपासावे आणि मोडल्यावर काय करावयाचे याची तालीम आधीच करून ठेवावी, हे तिचे सार होय. ही शिस्त ज्यांनी अंगी बाणविली, त्यांच्या सेवेसमोर अखेरच्या तारखेला लागलेली अदृश्य रांग पुढे सरकत राहील आणि दूरच्या गावातील उमेदवाराचा अर्ज वेळेत पोहोचेल.